मोबाईल बोलतोय, मग ब्रेल कशाला?

तासगावकडनं एका आईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते, नावगाव काढून टाकलंय.

"ताई, माझा मुलगा आठवीत आहे. सहावीत असताना रात्री शेडवर जाताना सारखा अडखळायचा, आम्हाला वाटलं रातांधळेपणा, गाजर पपई सगळं करून झालं. शेवटी मिरजेला दाखवलं तर डॉक्टरांनी आरपी सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. हळूहळू कमी होत जाणार म्हणाले. आता दिवसा पुस्तक नाकाजवळ धरून वाचतो, पण बाजूनं आलेलं माणूस दिसत नाही. यंदा बेदाण्याचे पैसे आलेत. मालकांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितलाय, एक हातात घालायचं यंत्र आहे, समोर काय आलं की थरथरतं आणि बोलतं, सत्तर हजाराला आहे, ते घ्यायचं म्हणतात. मी ब्रेलचं विचारलं तर शाळेतले सर म्हणाले आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, ब्रेल जुनं झालं, आणि अजून दिसतंय की त्याला. काठीचं नाव काढलं की सासूबाई रडतात. त्या माझ्या सख्ख्या आत्याच, पण म्हणतात ग्रहणात तू भाजी चिरलीस म्हणून हे झालं. मुलगा काही बोलत नाही. हल्ली रात्री शेडवर लाईट नसली तरी बेदाणा निवडत बसतो, नुसत्या हातानं. काय घेऊ ताई, तेवढं सांगा."

ताई, भाचीनं तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि ते बेदाण्याचं वाक्य मी तिच्याकडनं तीनदा वाचून घेतलं. तुम्ही ते काळजीनं लिहिलंय, कळतंय मला, पोरगं अंधारात एकटं बसतंय म्हणून. पण मला त्यात दुसरंच दिसलं. बेदाणा निवडणं काय असतं ते मला माहितीये, माझं माहेर तुमच्याच बाजूचं. चिकट सुरकुतलेला दाणा, त्याच्या टोकाला केसाएवढी काडी राहिलेली, ती बोटाला लागते, नखानं खुडायची आणि दाणा पुढं, बोट थांबत नाही. उजेडात सुद्धा नवीन बाईला पहिले दोन दिवस ते जमत नाही. तुमचं पोरगं ते अंधारात करतंय. ब्रेलचा ठिपका कागदावर साधारण अर्धा मिलिमीटर वर आलेला असतो आणि शेजारच्या ठिपक्यापासनं अडीच मिलिमीटरवर. ज्या बोटाला काडी लागते त्याला ठिपका लागणारच. त्यानं आधीच सुरुवात केलीये ताई, कुणी न सांगता, फक्त त्याला आणि तुम्हाला ते माहीत नाही.

तेव्हा उत्तर आधी देते आणि कारणं मागनं. सत्तर हजाराचं ते यंत्र आत्ता घेऊ नका. ब्रेल आत्ताच सुरू करा, दिसतंय तोवरच. काठी पण आत्ताच. मोबाईल राहू दे, तो लागणारच आहे.

आता हे कुठल्या हक्कानं सांगते ते पण सांगते. मला स्वतःला आरपी आहे. साताऱ्यात राहते, वीसेक वर्षं झाली ब्रेल आणि काठीनं चालणं शिकवते. मी अकरावीत असताना एका मोठ्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की अजून वाचता येतंय तर ब्रेल कशाला, उगीच पोरीचं मन खचेल. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. मी ट्यूबलाईटखाली, मग टेबललॅम्पखाली, मग भिंग घेऊन वाचत राहिले, डोकं दुखायचं, पण वाचत राहिले, आणि चोविसाव्या वर्षी एक दिवस भिंगातनं पण ओळ लागेना. ब्रेल शिकायला सव्विसावं उजाडलं. मधली दोन वर्षं मी काहीही वाचलं नाही, एक पान नाही, स्वतःच्या पगाराची स्लिप नाही. आणि मग सव्विसाव्या वर्षी शिकताना जे लहान पोरं खेळत खेळत काही महिन्यांत उचलतात त्याला मला दीड वर्ष गेलं, कारण बोटं पण मोठी झालेली आणि मन पण दुखावलेलं. तुमच्या सरांसारखंच बोललं गेलं होतं तेव्हा, 'अजून दिसतंय की'. सरांचा हेतू वाईट नसणार, पण हे वाक्य कुणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.

दिसतंय तोवर ब्रेल सुरू करायचं म्हणजे पुस्तक बंद करायचं असं नाही हं. डोळ्यानं वाचतोय ते वाचू दे, त्याला वाचनाचा तिरका स्टँड द्या, जाड काळं स्केचपेन द्या, उजेड मागनं किंवा बाजूनं येईल असं बसवा. आणि रोज अर्धा तास बोटांचा. फक्त एक करा, त्या अर्ध्या तासात हातावर टॉवेल टाका, कारण थोडं दिसणारी सगळी पोरं ठिपके बोटानं न वाचता डोळ्यानं बघतात आणि बोट आळशी राहतं.

मोबाईलचं बोलू. मी स्वतः दिवसभर मोबाईल वापरते. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायचं, मग काचेवर एक बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो, दोनदा टकटक केलं की ते उघडतं. मराठी आवाज पण आहे. मुलाला आत्तापासनं शिकवा, पडद्याकडं न बघता. कॉम्प्युटरला एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ ला सुरू झाली, तिथनं पुस्तकं उतरवून घेता येतात. हे सगळं घ्या, हक्कानं घ्या.

पण ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं. 'दिन' आणि 'दीन' मोबाईलनं म्हटलं तर कानाला एकच. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे दोरा, कानाला एकच. ब्रेलमध्ये एका अक्षराचं घर सहा ठिपक्यांचं, त्यात ऱ्हस्व इ साठी दुसरा आणि चौथा ठिपका, दीर्घ ई साठी तिसरा आणि पाचवा, बोटाला ते पूर्ण वेगळे लागतात, चुकूच शकत नाही. माझ्याकडं एक मुलगी आलेली, बारावीला चांगले मार्क, सगळं ऐकून केलेलं, बोलायला हुशार, आणि अर्ज लिहायला बसली तर शब्द कुठं तोडायचा, जोडाक्षर कुठं, हेच माहीत नाही, कारण तिनं तो शब्द कधी 'बघितलाच' नव्हता, ना डोळ्यानं ना बोटानं. तिची काय चूक?

आणि गणित. आठवीत बीजगणित आलंय ना आता. मोबाईलनं वाचलं 'एक्स अधिक दोन भागिले तीन', तर मला सांगा भागायचं कुणाला, नुसत्या दोनला की एक्स अधिक दोन सगळ्याला? ऐकून कळतच नाही. हाताखाली लिहिलेलं असेल तर कळतं. अंकगणितासाठी आपल्याकडच्या अंधशाळांत टेलर फ्रेम वापरतात, पाटीवर आठ कोनांची भोकं आणि त्यात धातूचे छोटे टाइप खोचायचे, टाइप ज्या दिशेला फिरवून बसवाल तो आकडा. भूमितीला रबराच्या शीटवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून साध्या बॉलपेननं रेघ ओढली की रेघ वर उठते, त्रिकोण हाताला लागतो. आयआयटी दिल्लीतनं निघालेली रेज्ड लाइन्स फाउंडेशन तर उठावाची चित्रं, नकाशे, आकृत्या तयार करून देते. ज्याला नकाशा कधी हाताला लागला नाही त्याला कृष्णा कुठनं येऊन कुठं जाते हे पाठ करावं लागतं.

अजून एक सांगते, हे मुलाला वाचून दाखवा. ही लिपी ज्यानं केली तो लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मला. वडील घोड्याचे लगाम-खोगीर शिवायचे. तीन वर्षांचं पोरगं वडिलांच्या कारखान्यात खेळताना चामड्याची आरी डोळ्यात घुसली, आपल्याकडं चांभाराकडं असते तसलीच आरी, मग जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात पण गेला आणि दोन्ही गेले. त्याच्या शाळेत एका लष्करी माणसानं केलेली बारा ठिपक्यांची लिपी आली, पण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत, बोट वरखाली करावं लागतं. लुईनं ते सहावर आणलं, एका बोटाच्या टोकाखाली एका वेळी पूर्ण अक्षर. १८२४ साल, वय पंधरा, म्हणजे तुमच्या मुलापेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठा. सहा ठिपक्यांच्या ६३ जुळण्या होतात, त्यात आपली सगळी बाराखडी बसते, आकडे बसतात. आपल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, म्हणजे मराठीचा क, हिंदीचा क, तमिळचा क, बोटाला एकच लागतो. एवढं सोपं करून ठेवलंय लोकांनी आपल्यासाठी.

आणि ब्रेल 'जुनं झालं' म्हणणाऱ्यांना सांगा, ते मोबाईलच्या आत पण शिरलंय. टॉकबॅकमध्येच २०२० पासनं ब्रेल कीबोर्ड आलाय, फोन आडवा धरायचा, काच बाहेरच्या बाजूला, आणि दोन्ही हाताच्या तीन तीन बोटांनी ठिपके दाबायचे. मी इंग्रजी मेसेज तसे लिहिते आणि गर्दीत मोठ्यानं बोलून टाईप करावं लागत नाही, माझं खासगी खासगीच राहतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हे किती महत्त्वाचं असेल विचार करा. मग ब्रेल डिस्प्ले म्हणून यंत्र येतं, कॉम्प्युटरला किंवा फोनला जोडायचं, त्याच्या पट्टीवर बारीक पिना वरखाली होतात आणि पडद्यावरची ओळ बोटाखाली ब्रेलमध्ये उमटते, ओळ वाचली की बटण, की पुढची ओळ. एकेका अक्षराला आठ पिना, सहा ठिपक्यांच्या आणि कॉम्प्युटरसाठी दोन जादा, म्हणजे वीस अक्षरांच्या छोट्या डिस्प्लेत सुद्धा १६० पिना, आणि बऱ्याच डिस्प्लेत प्रत्येक पिनेखाली स्वतःची पट्टी असते, वीज दिली की वाकते आणि पीन उचलते. म्हणून ते महाग. पण हे यंत्र मी कधीतरी घ्या म्हणेन, दहावीनंतर, हात तयार झाला की. आत्ता घेतलं तर ते नुसतं टोचेल.

आता मालकांच्या त्या हातातल्या यंत्राचं. त्यांना ते घ्यावंसं वाटतंय ह्यात माया आहे, मी ती कमी लेखत नाही. बापाला वाटतं एकदाच काय ते पैसे टाकावेत आणि पोराचं दुखणं मिटावं. पण त्यांना एवढं विचारा, की ज्या बोटांनी वाचायचंय, नोट ओळखायचीये, बेदाण्याची काडी शोधायचीये, तीच बोटं यंत्रात कोंडून कसं चालेल? आणि बिघडलं तर सांगलीत कोण दुरुस्त करणार? माझ्याकडच्या एका मुलाच्या घरच्यांनी असलंच एक घेतलेलं, आठ महिन्यांत चार्जिंगचं गेलं, कंपनी फोन उचलेना, कर्ज मात्र अजून फेडतायत. कुठलंही यंत्र घ्यायचं तर आधी आठ-पंधरा दिवस मुलाच्या हातात वापरायला मागा, ऊन, पाऊस, एसटी स्टँडची गर्दी सगळ्यात. देत नसतील तर विषय संपला. व्हिडिओत माणूस गुळगुळीत फरशीवर चालत असतो हो, तुमचा पोरगा बांधावरनं आणि वस्तीच्या रस्त्यानं चालणार आहे.

आणि त्या रस्त्यावर पहिली लागते ती साधी पांढरी काठी. आत्याबाईंना रडू येतं कारण त्यांच्या डोळ्यापुढं म्हातारपणाची काठी येते, टेकायची. ही टेकायची नव्हे, ही बोट लांब केल्यासारखी आहे. उभी धरली की छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी लांब घ्यायची, उजवा पाय पुढं जाताना टोक डावीकडं टेकवायचं, डावा जाताना उजवीकडं, म्हणजे पुढचा पाय जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच बघितलेली असते. मी पोवई नाक्यावरनं राजवाड्याकडं चालत जाते तेव्हा डांबर, माती, गटारावरची सिमेंटची झाकणं, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि मुठीला लागणारा हादरा पण वेगळा. एका ठिकाणी एक झाकण डगडगतं, ते वाजलं की मला कळतं आता चार पावलांवर पायरी. ज्या दिवशी ते झाकण नीट बसवतील त्या दिवशी मला दुसरी खूण शोधावी लागेल. मोठ्या स्टेशनवर पिवळ्या उठावाच्या फरश्या असतात ना, त्या जपानमधल्या सेइइची मियाके नावाच्या माणसानं काढल्या आणि १९६७ साली ओकायामाला पहिल्यांदा बसवल्या, लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब. काठीला आणि बुटाच्या तळाला दोन्हीला लागतात. मुलाला एकदा घेऊन जा आणि उभं करा त्यावर.

साध्या काठीला एक गोष्ट जमत नाही, गुडघ्याच्या वरचं. तुमच्याकडं हे नीट कळेल. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, मागनं ऊस दोन-दोन फूट बाहेर आलेला, छातीच्या नाहीतर तोंडाच्या उंचीला, काठी खालनं आरामात निघून जाते आणि माणूस जाऊन आदळतो. माझ्या गालावर अजून खूण आहे त्याची. ह्यासाठी आयआयटी दिल्लीच्या लोकांनी स्मार्टकेन केली, २०१४ ला आली. साध्या काठीच्याच मुठीवर एक डबी बसते, वटवाघूळ जसं आवाज सोडून परत आलेल्या आवाजावरनं अंतर ओळखतं तसंच ती कानाला न ऐकू येणारा आवाज सोडते आणि तीन मीटरपर्यंत गुडघ्याच्या वर काही असलं की मूठ थरथरते, जवळ जाल तशी थरथर बदलते. बोलत नाही, कान मोकळे राहतात, रहदारी ऐकू येते, हे मला तिचं सगळ्यात आवडतं. पण खड्डा तिला कळत नाही, खड्डा काठीच्या टोकालाच कळतो. म्हणून आधी साधी काठी पक्की, मग ही. मालकांना यंत्रच घ्यायचं असेल तर हे बघायला सांगा, सत्तर हजाराच्या आसपास सुद्धा नाही जात.

काठी आत्ता का, तर आरपीमध्ये दिवसा थोडं दिसतं आणि रात्री काहीच नाही. म्हणून तो संध्याकाळी मित्रांकडं जायचं बंद झाला असणार, मी पण झाले होते, घरच्यांना वाटायचं अभ्यास करते. त्याला म्हणा फक्त रात्रीपुरती वापर, घडी घालून दप्तरात राहते. दिवसाचं तो स्वतः ठरवेल.

आत्याबाईंचं आता. ताई, ग्रहण आणि भाजी ह्याचा काडीचा संबंध नाही. आरपी जनुकातनं येतो. कधी एका बाजूनं येतो, कधी आई आणि बाप दोघांकडं तो दोष लपलेला असतो, त्यांना स्वतःला काहीच होत नाही आणि मुलात दोन्हीकडचा एकत्र आला की दिसतो. नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडायची शक्यता जास्त असते, कारण मूळ रक्त एकच. तुमच्या घरात कुठनं आला ते तपासणीशिवाय कुणी सांगू शकत नाही, पण आत्या ज्या घरच्या लेक त्याच घरच्या तुम्ही, मग बोट कुणाकडं दाखवायचं? त्यांच्यावर चिडू नका, त्या घाबरल्यात. धाकटं भावंड असेल तर त्याचे डोळे मात्र आत्ताच दाखवून घ्या. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या कुणी सांगितल्या म्हणून मनानं देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच. जीन थेरपीच्या, म्हणजे जनुकावरच्या उपचाराच्या, बातम्या पाठवणारे पण भेटतील, अमेरिकेत २०१७ ला मान्यता मिळालेली जी आहे ती आरपीई६५ ह्या एकाच जनुकातल्या दोषासाठी आहे, म्हणून जनुक तपासणी शक्य असेल तर करा, पण त्याच्या भरवशावर ब्रेल थांबवू नका.

कागदपत्रांचं पटकन सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, सांगली सिव्हिलला. तिथं नुसती तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली तर आरपीच्या मुलाची टक्केवारी कमी लागते, कारण समोरचं त्याला दिसतं, बाजूचं गेलेलं असतं. तेव्हा नजरेचा घेर मोजायची फील्ड टेस्ट, पेरिमेट्री म्हणतात ती, करून रिपोर्ट सोबत न्या आणि तोंडानं सांगा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नजरेचा घेर ४० अंशाच्या खाली असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशाच्या खाली असेल तर अंधत्व असं स्पष्ट लिहिलंय, समोरचं कितीही दिसू दे. ४० टक्के लागले की पुढच्या सगळ्या सोयी. परीक्षेला लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण ते विचारा, ब्रेल शिकवायला शाळेत येणं हे त्यांचं कामच आहे. काठी, ब्रेल किट असल्या वस्तू केंद्राच्या एडिप ह्या साहित्य वाटपाच्या योजनेतनं अलिम्को ह्या सरकारी कंपनीच्या शिबिरात मिळतात, शिबिर कधी लागणार ते समाजकल्याणकडं विचारत राहा. ब्रेल लिहायची पाटी आणि स्टायलस, म्हणजे ठिपके टोचायची टोचणी, विकत घेतले तरी काही शे रुपयांचं काम आहे.

आता घरी काय करायचं. पाटी येईपर्यंत थांबू नका. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, माळकरी घर असेल तर सहा वाट्या चालतील, दोन उभ्या रांगा, तीन तीन खळगे. डावीकडं वरनं खाली एक दोन तीन, उजवीकडं चार पाच सहा. त्यात लिंबं ठेवायची. एकमध्ये एक लिंबू, झाला अ. एवढं कळलं की हळूहळू लिंबाच्या जागी बोरं, मग बेदाणा, मग कागद. पाटीवर लिहिताना कागद मागनं टोचायचा असतो म्हणून उजवीकडनं डावीकडं लिहायचं आणि उलटवून डावीकडनं वाचायचं, पहिले आठ दिवस डोकं गरगरतं, मग हात आपोआप करतो. जाड कागद लागतो, जुन्या कॅलेंडरची पानं ठेवून द्या. वाचताना बोट दाबू नका म्हणावं, दाबलं की बधिर होतं, बोट कागदावर तरंगतं पाहिजे, बेदाण्यावरनं फिरतं तसं. उजव्या हातानं वाचायचं, डाव्यानं पुढच्या ओळीची सुरुवात धरून ठेवायची. माझ्याकडं एक आजोबा यायचे, शुगरनं डोळे पण गेले आणि बोटाच्या टोकांची जाणीव पण, त्यांना ठिपके लागायचेच नाहीत, ते म्हणायचे दहा वर्षं आधी का नाही कुणी सांगितलं. तुमच्या मुलाची बोटं तेरा वर्षांची आहेत ताई.

तुम्ही पण शिका त्याच्यासोबत, डोळ्यानं शिकलात तरी चालेल. घरात गॅसच्या नॉबवर, मिक्सरच्या बटणावर एम-सीलचा एकेक ठिपका लावून टाका. बाजारात त्याच्याच हातात पैसे द्या. शंभरची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, कोऱ्या नोटेवर शंभरला त्रिकोण, दोनशेला एच आणि पाचशेला गोल उठावात असतो, नोट मळली की तो घासून जातो पण लांबी जात नाही, बोटांच्या मध्ये धरून तुलना करायची. वीसचं नाणं बारा कोनांचं. सुट्टे मोजायला दोन मिनिटं लागली तर लागू देत, मागचा ओरडला तर ओरडू दे.

आणि वाचायला काय, तर मुंबईहून 'स्पर्शज्ञान' नावाचं मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झालं, त्याचे अंक मागवा. स्वतःच्या बोटानं वाचलेली पहिली बातमी मला अजून शब्दन्शब्द आठवते, पावसाची होती. लहानपणी दृष्टी गेलेली माणसं ब्रेल वाचताना मेंदूचा बघायचा भाग कामाला लागतो असं शास्त्रज्ञांना १९९६ मध्ये तपासणीत दिसलं होतं. मला ते ऐकून अजिबात नवल वाटलं नाही.

मुलाला पहिला शब्द कुठला शिकवू म्हणाल तर 'आई' शिकवा, दोनच घरं लागतात. आ म्हणजे तीन-चार-पाच, ई म्हणजे तीन-पाच. दोन ट्रे शेजारी ठेवून पाच लिंबांत होतं. पाटी आली की कागदावर करू दे, आणि चार ओळी लिहायला लागला की मला पत्र पाठवा, ह्या वेळी त्यानं लिहिलेलं, म्हणजे भाचीची गरज नाही, मी स्वतः वाचेन. ब्रेलच्या टपालाला तिकीट लागत नाही, फक्त पाकिटावर अंधांसाठी साहित्य असं ठळक लिहायचं, पाठवणाऱ्याचं नावपत्ता घालायचं आणि पाकीट चिकटवायचं नाही, पोस्टात उघडून बघता आलं पाहिजे. घडी पण घालू नका कागदाची, ठिपके बसतात.